कार्यक्रमाच्या विम्यातील वजावट: मंडळांना आणि यजमानांना पडणारे प्रश्न

सार्वजनिक गणेशोत्सव, दहीहंडी, लग्नसमारंभ, संगीत महोत्सव अशा ठरावीक दिवसांच्या कार्यक्रमांसाठी जो विमा घेतला जातो, त्यातून प्रत्यक्ष हातात किती पैसे पडणार हे विमा रकमेइतकेच वजावटीवरही अवलंबून असते. उत्सव तोंडावर आलेला असताना खजिनदार हप्त्याचा आकडा पाहतात, सही होते, आणि वजावटीची ओळ बहुतेक वेळा दावा दाखल केल्यानंतरच पहिल्यांदा वाचली जाते. ती आधी वाचली जावी, यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. जिथे ‘समजा’ असे म्हटले आहे, तिथल्या रकमा केवळ हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. आपल्या पॉलिसीतील आकडे वेगळे असतील.

वजावट म्हणजे नेमके काय, आणि पॉलिसीत ती कोणत्या नावाने सापडते?

मान्य झालेल्या नुकसानीपैकी जो पहिला भाग विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो, त्याला वजावट म्हणतात. नुकसान ८०,००० रुपयांचे ठरले आणि वजावट १०,००० रुपयांची असली, तर विमा कंपनी ७०,००० रुपये देते. भारतातील सर्वसाधारण विम्याच्या कागदपत्रांत हा शब्द बहुधा ‘एक्सेस’ असा येतो, काही ठिकाणी ‘डिडक्टिबल’ असा येतो, आणि कार्यक्रमाच्या विम्यात या दोन्ही शब्दांचा व्यवहारातील अर्थ सहसा एकच असतो. कंपनीने स्वतः घातलेली वजावट ती ‘कम्पल्सरी’, म्हणजे सक्तीची, आणि हप्ता कमी व्हावा म्हणून आपण होऊन स्वीकारलेली ती ‘व्हॉलंटरी’, म्हणजे ऐच्छिक. दोन्ही असतील तर दोन्ही वजा होतात.

‘फ्रँचाइझ’ हा शब्द मात्र वेगळा आहे. त्यात ठरावीक मर्यादेखालच्या नुकसानीला काहीच मिळत नाही, परंतु मर्यादा ओलांडली की पूर्ण नुकसान मिळते. हा प्रकार आता क्वचितच आढळतो, तरी पॉलिसीत तो शब्द दिसल्यास वजावट समजून पुढे जाऊ नये.

विमा कंपनी वजावट ठेवते तरी कशासाठी?

दोन कारणे आहेत. फुटलेला हॅलोजन, फाटलेला पडदा अशा लहान दाव्यांची पाहणी, कागदपत्रे आणि हिशेब यांवर होणारा खर्च कधी कधी दाव्याच्या रकमेहून मोठा होतो, आणि तो शेवटी सर्वांच्या हप्त्यातच येतो. दुसरे असे की, नुकसानीतला काही भाग आपल्या खिशातून जाणार हे माहीत असले, की आयोजक वायरिंग तपासून घेतो, रात्री पहारा ठेवतो आणि ताडपत्री नीट बांधतो.

वजावट टक्क्यांत लिहिली आहे. ती कशी वाचावी?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण ‘५ टक्के’ हे शब्द एकटे काहीच सांगत नाहीत. टक्के कशाचे, हे पाहावे लागते. ते दाव्याच्या रकमेचे असू शकतात किंवा विमा रकमेचे असू शकतात, आणि या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

समजा, एका मंडळाने मंडप, सजावट आणि ध्वनियंत्रणा यांचा १२ लाखांचा विमा उतरवला आहे आणि वादळी पावसात ४ लाखांचे नुकसान झाले आहे. वजावट दाव्याच्या ५ टक्के असेल, तर २०,००० रुपये कापले जाऊन ३,८०,००० मिळतील. तीच वजावट विमा रकमेच्या ५ टक्के असेल, तर ६०,००० कापले जाऊन ३,४०,००० मिळतील. नुकसान लहान असले की फरक अधिक बोचतो. ५०,००० रुपयांचे नुकसान झाले, तर पहिल्या पद्धतीत काही ना काही हाती येते, दुसऱ्या पद्धतीत एक रुपयाही येत नाही.

टक्केवारीबरोबर बहुधा किमान रक्कमही लिहिलेली असते. भारतात अनेक वर्षे वापरात असलेल्या ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ या पॉलिसीच्या प्रमाणित मजकुरात वीज, वादळ, पूर यांसारख्या नैसर्गिक संकटांतील प्रत्येक दाव्याला ५ टक्के, मात्र किमान १०,००० रुपये अशी वजावट होती, आणि आग वगैरे इतर संकटांना ठरावीक रक्कम होती. कार्यक्रमांच्या अनेक पॉलिसींतील मालमत्तेचा विभाग याच वळणाने लिहिलेला असतो. अशा मजकुरात १,४०,००० रुपयांच्या वादळी नुकसानीचे ५ टक्के ७,००० होत असले, तरी कापले जातात १०,०००, कारण दोहोंपैकी मोठी रक्कम लागू होते. म्हणून दरपत्रक हातात आले की एजंटला तीन गोष्टी विचाराव्यात: टक्के कशाचे, किमान किती, आणि कोणत्या संकटाला कोणता दर. उत्तर लेखी घ्यावे. ईमेलची एक ओळही पुरते.

संपूर्ण पॉलिसीला एकच वजावट असते का?

सहसा नाही. कार्यक्रमाचा विमा हा अनेक विभागांचा गठ्ठा असतो: मालमत्तेचे नुकसान, दागिने व रोकड, कार्यक्रम रद्द होणे, त्रयस्थ व्यक्तींबाबतचे दायित्व (म्हणजे इतरांना झालेल्या इजेची किंवा नुकसानीची जबाबदारी), कार्यकर्त्यांचा वैयक्तिक अपघात. प्रत्येक विभागाची वजावट वेगळी असू शकते. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांसाठी ठरलेली रक्कम देणाऱ्या वैयक्तिक अपघात विभागाला बहुधा वजावट नसते, कारण तिथे नुकसानीचे मूल्यमापन करायचे नसून ठरलेली रक्कम द्यायची असते. त्याच विभागात तात्पुरत्या अपंगत्वासाठी साप्ताहिक रक्कम किंवा औषधोपचाराचा खर्च जोडलेला असेल, तर त्याला मात्र पहिले काही दिवस किंवा पहिली काही रक्कम वगळण्याची अट असू शकते.

वर्तमानपत्रांत येणाऱ्या मोठ्या आकड्यांकडेही याच दृष्टीने पाहावे. मुंबईतील किंग्ज सर्कल येथील जी. एस. बी. सेवा मंडळाने २०२५ च्या गणेशोत्सवासाठी ४७४.४६ कोटी रुपयांचा विमा घेतला. त्यांतील ३७५ कोटी रुपये सेवेकरी, पुजारी, स्वयंपाकी आणि इतर कर्मचारी यांच्या वैयक्तिक अपघातासाठी होते, सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी ६७.०३ कोटी आणि सार्वजनिक दायित्वासाठी ३० कोटी होते. म्हणजे एकूण रकमेचा तीन चतुर्थांशांहून मोठा भाग अशा विभागातला आहे, ज्यात वजावटीचा प्रश्न सहसा येतच नाही. आपल्या मंडळाचा विमा ‘किती कोटींचा’ आहे यावरून दावा करताना किती कापले जाईल हे ठरवता येत नाही; विभागवार शेड्यूल, म्हणजे पॉलिसीतला तपशिलांचा तक्ता, उघडूनच ते कळते.

उत्सवाच्या दहा दिवसांत दोनदा नुकसान झाले, तर वजावट दोनदा लागते का?

वजावट ‘प्रत्येक घटनेमागे’ असेल, तर होय. समजा, तिसऱ्या दिवशी पावसाने ४५,००० रुपयांची रोषणाई खराब झाली आणि सातव्या दिवशी शॉर्टसर्किटने ६०,००० रुपयांची ध्वनियंत्रणा जळाली. प्रत्येक घटनेला १०,००० वजावट असल्यास १,०५,००० पैकी ८५,००० मिळतील. संपूर्ण पॉलिसी कालावधीसाठी मिळून एकच वजावट ठरलेली असेल, तर ९५,००० मिळतील.

वाद होतो तो ‘एक घटना’ कशाला म्हणायचे यावर. सलग तीन दिवस पाऊस कोसळत राहिला आणि रोज थोडे थोडे नुकसान होत गेले, तर ती एक घटना की तीन? काही पॉलिसींमध्ये सलग ७२ तासांतील नैसर्गिक नुकसान एकच घटना मानण्याची अट असते. भाद्रपदातल्या उत्सवासाठी विमा घेताना ही अट आहे का हे पाहणे, माझ्या मते, हप्त्यात पाचशे-हजारांची घासाघीस करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

इथेच एक सूचना. मंडप चतुर्थीच्या कितीतरी दिवस आधी उभा राहतो आणि विसर्जनानंतरही लगेच उतरत नाही. पॉलिसीचा कालावधी केवळ उत्सवाच्या दिवसांचा असेल, तर आगमनाच्या मिरवणुकीतले किंवा मंडप उभारणीच्या वेळचे नुकसान कालावधीबाहेर जाते, आणि मग वजावटीचा विचार करण्याची वेळच येत नाही.

कार्यक्रम रद्द झाला, तर वजावट कशातून कापतात?

निव्वळ नुकसानीतून. आधी परत न मिळणारा खर्च मोजला जातो, त्यातून परत मिळालेल्या आणि वाचलेल्या रकमा वजा होतात, आणि जे उरते त्याला वजावट लागते. समजा, एका सांस्कृतिक महोत्सवावर ९ लाख खर्च होऊन गेले होते, सभागृहाने १,५०,००० परत केले आणि वजावट निव्वळ नुकसानीच्या १० टक्के आहे. मग ७,५०,००० मधून ७५,००० जाऊन ६,७५,००० मिळतील. अपेक्षित तिकीटविक्री किंवा प्रायोजकांकडून यायची रक्कम विम्यात स्वतंत्रपणे नमूद केलेली नसेल, तर ती नुकसानीत धरली जात नाही.

या विभागात वजावट कधी कधी वेळेच्या रूपात असते. उदाहरणार्थ, पहिल्या काही तासांच्या खोळंब्याची भरपाई नाही, त्यानंतर कार्यक्रम सुरूच होऊ शकला नाही तरच दावा. खुल्या मैदानावरील कार्यक्रमासाठी ही अट नीट वाचावी, कारण संध्याकाळी सहाचा कार्यक्रम आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम यांच्यामध्ये मुळात चारच तास असतात.

मालमत्तेची किंमत कमी दाखवली असेल, तर वजावटीवर काय परिणाम होतो?

मग दोनदा कपात होते. मालमत्ता १६ लाखांची आणि विमा १२ लाखांचा असेल, तर विमा तीन चतुर्थांशच उतरवला आहे असे मानून नुकसानीचाही तीन चतुर्थांश भागच मान्य होतो. याला विम्याच्या भाषेत सरासरीची अट म्हणतात. ४ लाखांच्या नुकसानीचे ३ लाख होतात आणि त्यानंतर २०,००० ची ठरीव वजावट जाऊन २,८०,००० हाती येतात. वजावट आधी कापून मग प्रमाण लावले असते, तर २,८५,००० मिळाले असते. म्हणजे क्रमाने ५,००० रुपयांचा फरक पडला. वजावट दाव्याच्या टक्क्यांत असेल आणि किमान रकमेचा प्रश्न नसेल, तर क्रम कोणताही धरला तरी उत्तर तेच येते. पण खरा तोटा इथे वजावटीमुळे झालेला नसून कमी किंमत दाखवल्यामुळे झालेला आहे, हे लक्षात घ्यावे.

नुकसान विमा रकमेहूनही मोठे असेल तर?

विमा १२ लाखांचा, नुकसान १४ लाखांचे आणि वजावट १ लाखाची असल्यास दोन अर्थ निघू शकतात. वजावट एकूण नुकसानीतून कापली, तर १३ लाख उरतात आणि पूर्ण १२ लाख मिळतात. ती विमा रकमेतून कापली, तर ११ लाख मिळतात. कोणता अर्थ लागू आहे हे पॉलिसीच्या शब्दरचनेवर ठरते.

मंडप, जनरेटर आणि साउंड भाड्याचे आहेत. त्यांच्या नुकसानीतली वजावट कोणी भरायची?

बहुसंख्य मंडळांकडे स्वतःच्या मालकीचे असे फारच थोडे असते. बांबू, पत्रे आणि कापड मंडप डेकोरेटरचे, स्पीकर साउंडवाल्याचे, जनरेटर तिसऱ्याचा. मंडळाने विमा घेताना ‘ताब्यातील भाड्याची मालमत्ता’ समाविष्ट केली नसेल, तर त्या वस्तूंसाठी दावाच टिकत नाही. समाविष्ट केली असेल, तर कंपनी वजावट कापून पैसे देते. डेकोरेटर मात्र आपले पूर्ण पैसे मागतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते स्वाभाविक आहे. मधली रक्कम कोणाची, हे विमा कंपनी ठरवत नाही. ते भाडेकरारात लिहिलेले असावे लागते.

म्हणून करारात एक वाक्य आवर्जून घालावे: विम्यातून न मिळालेली वजावटीची रक्कम कोणत्या परिस्थितीत मंडळ देईल आणि कोणत्या परिस्थितीत कंत्राटदार सोसेल. कंत्राटदाराच्या सदोष उभारणीमुळे मंडप कोसळला, तर वजावट त्याची; गर्दीच्या रेट्याने कठडे मोडले, तर मंडळाची, अशी वाटणी मला न्याय्य वाटते. वर्षानुवर्षांच्या ओळखीमुळे असा करार करायला अनेकांना संकोच वाटतो, पण दोन्ही बाजू शांत असताना लिहिलेल्या चार ओळी ती ओळख टिकवण्यालाच मदत करतात.

मंडपात एखादा भाविक जखमी झाला, तर वजावट त्याच्या भरपाईतून कापली जाते का?

नाही. जखमी व्यक्तीचा हक्क आयोजकावर असतो आणि वजावट हा आयोजक व विमा कंपनी यांच्यातला व्यवहार असतो. भरपाई ३ लाख ठरली आणि वजावट २५,००० असली, तर विमा कंपनी २,७५,००० देते आणि २५,००० आयोजकाने घालून ती पूर्ण करायची असते. जखमी माणसाच्या वाट्याला कमी येता कामा नये.

वकिलाचा आणि न्यायालयीन खर्च वजावटीत मोजला जातो की नाही, हे पॉलिसीगणिक बदलते. शिवाय, कंपनीच्या संमतीशिवाय आयोजकाने जबाबदारी लेखी मान्य करू नये किंवा परस्पर रक्कम ठरवू नये, अशी अट या विभागात जवळजवळ नेहमीच असते. याचा अर्थ जखमीला मदत करू नये असा मुळीच नाही. रुग्णालयात नेणे आणि प्रथमोपचार करणे हे माणुसकीचे कर्तव्य आहे. ते तत्काळ करावे आणि त्याच दिवशी कंपनीला कळवावे.

ऐच्छिक वजावट वाढवून हप्ता कमी करणे फायद्याचे असते का?

समजा, १०,००० वजावटीला हप्ता ४०,००० आहे आणि ५०,००० वजावटीला ३१,०००. हप्त्यात ९,००० आणि त्यावरील १८ टक्के जीएसटीचे १,६२०, असे १०,६२० वाचतात. बदल्यात मोठ्या नुकसानीत ४०,००० जास्त सोसावे लागतात. म्हणजे जवळपास चार वर्षे एकही दावा आला नाही, तरच ही बचत एका दाव्यातला हा जादा भार भरून काढते, आणि तेही वजावट फक्त एकदाच लागली तर.

ज्या मंडळाकडे मागील वर्षांची शिल्लक आहे, त्याने असा विचार जरूर करावा. ज्याची वर्गणी विसर्जनाच्या दिवशीच संपलेली असते, त्याने करू नये.

नुकसान वजावटीपेक्षा कमी आहे. तरी कंपनीला कळवावे का?

कळवावे. सुरुवातीला किरकोळ वाटलेली गोष्ट, विशेषतः कोणाची दुखापत, पुढे वाढू शकते, आणि उशिरा कळवल्याची हरकत तेव्हा अडचणीची ठरते. छायाचित्रे, पंचनामा आणि दुरुस्तीची बिले जपून ठेवावीत.

नुकसान दुसऱ्याच्या चुकीने झाले, तर वजावटीचे पैसे त्याच्याकडून मागता येतात का?

येतात. टेम्पोने कमान पाडली, तर विमा कंपनीने न दिलेली रक्कम मंडळ टेम्पोच्या मालकाकडून मागू शकते. अडचण अशी की, भरपाई देताना कंपनी एका पत्रावर सही घेते आणि त्याद्वारे वसुलीचा हक्क स्वतःकडे घेते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशनच्या प्रकरणात अशा पत्रांतील फरक स्पष्ट केला आहे: काही पत्रांनी कंपनी केवळ दिलेल्या रकमेपुरती विमाधारकाच्या जागी येते, तर काही पत्रांनी संपूर्ण हक्कच कंपनीकडे हस्तांतरित होतो. सही करण्यापूर्वी आपले पत्र कोणत्या प्रकारचे आहे हे वाचावे, आणि वजावटीच्या रकमेपुरता आपला हक्क राखून ठेवण्याची विनंती लेखी करावी.

लग्नाच्या विम्यात हेच नियम लागू होतात का?

तत्त्व तेच आहे. मंगल कार्यालयाने अनामत परत केली, तर ती आधी वजा होते, मग वजावट लागते. दागिन्यांच्या विभागात वजावटीखेरीज ‘कुलूपबंद नसताना झालेली चोरी वगळली आहे’ यासारख्या अटी असतात. तिथे वजावटीहून अटच अधिक महत्त्वाची. वधू-वरांपैकी कोणाचे मन बदलल्यामुळे किंवा दोन घरांतील वादामुळे मोडलेल्या लग्नाची भरपाई सहसा मिळत नाही.

वजावट चुकीची कापली आहे असे वाटल्यास काय करावे?

नुकसानीची पाहणी करून तिचा हिशेब करणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी आणि त्यातला हिशेब ओळीने तपासावा: एकूण नुकसान, घसारा (वापरामुळे घटलेली किंमत), उरलेल्या भंगाराची किंमत, सरासरीची अट आणि शेवटी वजावट. घसाऱ्यातली कपात पुष्कळदा वजावट समजली जाते, म्हणून आधी नेमके काय कापले गेले हे पाहावे. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तिथे समाधान न झाल्यास विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवर ती नोंदवता येते. लग्नाच्या विम्यासारख्या, व्यक्तीने स्वतःच्या नावे घेतलेल्या पॉलिसीसाठी विमा लोकपालांकडेही जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचे दावे ते विनाशुल्क ऐकतात. कंपनीने पूर्ण आणि अंतिम समाधान झाल्याचे व्हाउचर पुढे केले असेल, तर हिशेब पटेपर्यंत त्यावर घाईने सही करू नये.

मंडळाच्या हिशेबात वजावट कुठे दाखवावी?

अंदाजपत्रकातच. विभागवार वजावटींपैकी सर्वांत मोठी रक्कम आणि आणखी एका लहान घटनेची वजावट, एवढी रक्कम ‘विम्यात न येणारे नुकसान’ या नावाने कार्यकारिणीच्या ठरावासह बाजूला ठेवावी. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असो किंवा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून तात्पुरती परवानगी घेतलेली असो, हिशेब द्यावाच लागतो, आणि वजावटीपोटी झालेला खर्च सर्व्हेअरचा अहवाल व बिले जोडून दाखवला की लेखापरीक्षणात प्रश्न उरत नाही. उत्सव निर्विघ्न पार पडल्यास ही रक्कम पुढील वर्षाच्या खात्यात तशीच वर्ग करावी.